पेरभर पाणी

लिगाया तांदूळ धुते तेव्हा
पातेल्यात मधलं बोट उभं धरते.
तांदळाच्या वर पहिल्या पेरापर्यंत पाणी,
मग झाकण.
अगं, आमच्याकडेही असंच, मी म्हटलं.
ती म्हणाली, बोटं सगळीकडे सारखीच,
तांदूळ तेवढा इथला भिकार.

गेट्सहेडच्या त्या घराला एकच जिना.
खाली मी, वर ती दोघं.
रविवारी जिन्यावरून आधी व्हिनेगर उतरतं,
मागोमाग लसूण, तमालपत्र,
कधी सुक्या मासळीचा खरपूस दर्प,
ज्याच्यापायी समोरच्या मिस्टर हॉजनी
काउन्सिलला दोन पानी पत्र धाडलं होतं.
मी दार किलकिलं ठेवते.

सप्टेंबरात तिला सलग चार दिवस सुट्टी मिळाली.
केअर होममध्ये नऊ वर्षं, आणि सलग चार दिवस
हे पहिल्यांदाच.
अर्नेलनं लाल निसान धुतली, पुसली,
पुन्हा धुतली.
मागच्या सीटवर मी,
मांडीवर टॉवेलात बांधलेला अडोबो,
पायाशी छोटा गॅस आणि तांदळाची पिशवी.
वळणावर रस्सा डुचमळला की लिगाया आरशातून बघायची,
माझ्याकडे नाही, पातेल्याकडे.

ॲनिकचा किल्ला बाहेरूनच,
तिकीट फार होतं.
बॅम्बरोचा किल्ला वाळूतून,
वारा इतका की फोटोत तिघांनाही चेहरे नाहीत,
नुसते केस.
मग होली आयलंड.
तिथे जाणारा रस्ता भरतीला समुद्राखाली जातो,
ओहोटीला परत येतो.
वेळापत्रक लावलेलं असतं.
बुडालेल्या गाडीचा फोटोही असतो,
उगाच शहाणपण करणाऱ्यांसाठी.

अर्नेल अकरा वर्षं जहाजाच्या इंजिनात होता.
समुद्र मला नका शिकवू, म्हणाला,
आणि शनिवारची ओळ रविवारची म्हणून वाचली.

परत आलो तर रस्ता नव्हता.
डांबर उतरत उतरत पाण्यात शिरलेलं,
पुढे फक्त खांबांची रांग
आणि लांब, उंच पायांवर उभी
अडकलेल्यांसाठीची पांढरी खोली.
अर्नेल बराच वेळ स्टिअरिंग धरून बसला.
लिगाया काही बोलली नाही.
अडोबोत व्हिनेगर घातलं की ढवळायचं नसतं,
हे तिनंच मला शिकवलंय.
आपणहून उकळी येऊ द्यायची,
नाहीतर कच्चा आंबटपणा जात नाही.

दगडी भिंतीच्या आडोशाला तिनं गॅस पेटवला.
बोट, पाणी, झाकण.
वास सुटला तसा एक म्हातारा कुत्रं घेऊन थांबला.
लिगाया सवयीनं म्हणाली, सॉरी.
कशाबद्दल, त्यानं विचारलं.
तिला सांगता येईना.
कुत्रं जे बसलं ते उठेचना,
म्हणून तोही टेकला,
जेवला नाही, पण भात शिजेपर्यंत
सीलच्या पिल्लांबद्दल बोलत राहिला.
आम्ही झाकणात, डब्यात, एका कपात वाढून खाल्लं.
अर्नेलनं दोनदा घेतला आणि मग कुठे हसला.

अकराच्या सुमारास फोन वाजला.
इलोइलोत सकाळचे सहा,
क्लॅरिबेल शाळेच्या गणवेशात, तोंडात ब्रश.
आज काय पाहिलंत, आई?
लिगायानं फोन अंधाराकडे फिरवला.
काहीच दिसत नाही.
रस्ता आहे, बाळा.
कुठाय?
आहे. पाण्याखाली.
पोरगी जवळ येऊन बघत राहिली,
ब्रशचा फेस हनुवटीवर तसाच.

गाडीच्या दिव्यात अर्नेल वाकला,
डांबरावरच्या पाण्यात मधलं बोट उभं धरलं
आणि ओरडून सांगितलं,
पेरभर.

लिगायानं रिकामं पातेलं माझ्या मांडीवर ठेवलं.
थांबू या अजून, ती म्हणाली,
आणि सवयीनं
वर झाकण लावलं.